ब आणि व यांच्यामधली रेघ

(मथळ्याच्या देवनागरी अक्षरांच्या नमुनासंग्रहाची प्रस्तावना)

घरातल्या एका लग्नाची पत्रिका छापून आली, तेव्हा गठ्ठ्याची सुतळी मीच सोडली. अबोली रंगाचा चमकता कागद, वर गणपती, मधोमध वधूवरांची नावं. नावांचं अक्षर देखणं होतं. उभे दंड भरदार, आणि वळणं शेवटाकडे केसाएवढी बारीक होत गेलेली. बराच वेळ सगळे नावंच बघत राहिले. खालचा पत्ता पहिल्यांदा काकूंनी वाचला आणि विचारलं, "हे हुवळी कुठं आलं रे?"

पत्त्यात 'केशवापूर, हुवळी' असं उमटलं होतं. त्याच्या वरच्या ओळीत 'विशेप विनंती' होती. टाईप करणाऱ्याची चूक नव्हती. संगणकावर 'हुबळी' होती आणि 'विशेष'ही होतं. नावांना शोभलेलं तेच अक्षर खालच्या बारीक मजकुरालाही लावलेलं होतं, आणि त्या आकारात ब आणि ष यांच्या पोटातली तिरकी रेघ इतकी नाजूक झाली की चमकत्या कागदाने ती धरलीच नाही. ब चा व झाला, ष चा प झाला. पुन्हा छापायला वेळ नव्हता. दोन रात्री बसून चारशे पत्रिकांवर काळ्या पेनाने ब आणि ष दुरुस्त केले.

चारशे वेळा तीच रेघ काढताना हाताला काही गोष्टी कळतात. रेघ कुठून निघते, कुठे टेकते, किती जाड झाली की अक्षर बोजड दिसतं आणि किती बारीक राहिली की नसल्यासारखीच होते, हे त्या दोन रात्रींत कळलं. मग जुन्या मासिकांची मुखपृष्ठं, पंचांगं, नाटकांच्या जाहिराती, पोथ्या आणि आजचे संगणकावरचे टंक एकाच प्रश्नासाठी जमवत गेलो : देवनागरीत कुठली रेघ बारीक करता येते, आणि किती? हा संग्रह म्हणजे त्या प्रश्नाची वही आहे.

छपाईच्या धंद्यात या गुणाला सरळ 'कॉन्ट्रास्ट' म्हणतात. एकाच अक्षरातली सर्वांत जाड आणि सर्वांत बारीक रेघ यांच्यातला फरक, एवढाच त्याचा अर्थ. मी या पानांत त्याला 'जाड-बारीक' म्हटलं आहे. हा फरक थोडा असेल तर अक्षर शांत वाटतं आणि पानभर वाचलं तरी डोळा थकत नाही. फरक मोठा असेल तर अक्षर दिमाखदार होतं. ते बघितलं जातं, पण फार वेळ वाचवत नाही. म्हणून ते मुखपृष्ठाचं, मासिकाच्या शीर्षनावाचं, लेखाच्या मथळ्याचं, पत्रिकेतल्या नावाचं अक्षर.

याचं दुसरं टोक केशवापुरातल्या माणसाला रोज दिसतं. दक्षिण-पश्चिम रेल्वेचं मुख्यालय हुबळीत आहे आणि आमच्या भागाचा बराचसा दिनक्रम रेल्वेच्या वेळेवर चालतो. स्टेशनातल्या पिवळ्या पाट्यांवर गावाचं नाव कन्नड, देवनागरी आणि रोमन अशा तीन लिप्यांत काळ्या अक्षरांनी लिहिलेलं असतं. त्या अक्षरांची जाडी सगळीकडे जवळपास सारखी असते. चालत्या गाडीतून, पावसातून, संध्याकाळच्या अर्धवट उजेडातून ते नाव वाचलं गेलं पाहिजे. हुबळीचा १५०७ मीटर लांबीचा फलाट जगातला सर्वांत लांब मानला जातो. इतक्या लांब फलाटाच्या एका टोकाला उभं राहून दूरची पाटी वाचायची तर केसाएवढ्या रेघेचा काही उपयोग नाही. पाटीचं अक्षर आणि पत्रिकेचं अक्षर यांची तुलना करून कुठलं चांगलं, असं ठरवता येत नाही. त्यांची कामं वेगळी आहेत, एवढं ध्यानात ठेवून पुढची पानं पाहावीत.

जाड-बारीक येतं कुठून? हाताने लिहिताना ते दोन वाटांनी येतं. एक वाट कोनाची : रुंद टोकाचं कलम एका ठरावीक कोनात धरलं की एका दिशेची रेघ आपोआप जाड आणि तिच्या आडव्या दिशेची बारीक येते, हाताचा जोर बदलावा लागत नाही. दुसरी वाट दाबाची : टोकदार, लवचीक निब खाली ओढताना दाबली की तिच्या दोन पाती फाकतात आणि रेघ फुगते, वर नेताना हलकी सोडली की रेघ केस होते. युरोपातल्या अतिशय जाड-बारीक अक्षराचं वळण या दुसऱ्या वाटेला जवळचं आहे. उभ्या रेघा भरगच्च, आडव्या रेघा आणि टोकांच्या पट्ट्या सुईसारख्या.

या अक्षरामागे कागद आणि शाईचाही इतिहास आहे. बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिल याने १७५७ साली व्हर्जिलच्या काव्याची आवृत्ती छापली, तेव्हा त्याने गुळगुळीत कागद, घट्ट काळी शाई आणि छापल्यावर पान तापल्या तांब्याच्या पत्र्यांत दाबायची युक्ती असं सगळंच नव्याने जमवलं. खरबरीत कागदावर बारीक रेघ फाटते, पसरते; गुळगुळीत कागदावर ती टिकते. लोकांना मात्र ते अक्षर डोळ्यांत खुपलं. बेंजामिन फ्रँकलिनने १७६० साली बास्करव्हिलला पत्रातून एक किस्सा कळवला. एक गृहस्थ म्हणे तक्रार करत होते की या अक्षराच्या बारीक रेघांनी देश आंधळा होईल. फ्रँकलिनने त्यांच्या हाती कॅसलॉनच्या जुन्या, सवयीच्या टंकाचा नमुना दिला आणि तो बास्करव्हिलचाच आहे असं भासवलं. गृहस्थांनी त्यातही तेच सगळे दोष काढून दाखवले! जाड-बारीकाविषयीच्या तक्रारी मी गेली काही वर्षं ऐकतो आहे. त्यांतल्या काही खऱ्या असतात आणि काही त्या गृहस्थांसारख्या. वेगळ्या कशा करायच्या, हे शिकावं लागतं.

बास्करव्हिलने दाखवलेली दिशा पॅरिसच्या फिरमँ दिदोने आणि पार्म्याच्या जांबात्तिस्ता बोदोनीने (१७४०–१८१३) टोकाला नेली. आज फॅशनच्या मासिकांवर जी उंच, उभी, तलवारीसारखी रोमन अक्षरं दिसतात, ती याच दोन घराण्यांची. बोदोनीच्या मृत्यूनंतर १८१८ साली त्याच्या पत्नीने 'मान्युआले तिपोग्राफिको' हा दोन खंडांचा नमुनाग्रंथ पूर्ण करून प्रसिद्ध केला. त्यात आकारामागून आकार, वळणामागून वळण अशी अक्षरांची रांगच आहे. प्रत्येक आकारासाठी पोलादात नवा ठसा कोरलेला, कारण लहान अक्षर म्हणजे आक्रसलेलं मोठं अक्षर नव्हे, हे त्याच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आमच्या पत्रिकेने नेमका हाच धडा मोडला.

बोदोनी आणि देवनागरी यांची गाठ जवळजवळ पडली होती. तरुण बोदोनी रोममध्ये प्रोपागांदा फिदे या धर्मप्रसार संस्थेच्या छापखान्यात कामाला होता. पूर्वेकडच्या अनेक लिप्यांचे ठसे तिथे होते. पुढे तो पार्म्याला गेला, आणि १७७१ साली त्याच रोमच्या छापखान्यातून 'आल्फाबेतुम ब्रम्हानिकुम' हे पुस्तक निघालं. त्यात देवनागरी अक्षरं खिळ्यांनी छापलेली आहेत. ती अक्षरं पाहिली की हातलिखितावरून ती बेतली असावीत हे लगेच लक्षात येतं. आपल्या लिपीचं जाड-बारीक पाश्चात्त्य कोरक्याने तिथे धातूच्या खिळ्यांत उतरवायचा प्रयत्न केला. बोदोनी आणि देवनागरी ही दोन टोकं एका छताखाली काही वर्षांच्या फरकाने येऊन गेली, हे मला फार गमतीचं वाटतं. कारण आजही देवनागरीत दिमाखदार अक्षर काढायला बसलेला माणूस याच दोन टोकांमध्ये अडकलेला असतो : बोदोनीचं अनुकरण करायचं की पोथीकडे जायचं?

पोथीचं अक्षर बोरूचं. बोरू ही कोनाची वाट आहे. पण रोमन कलमापेक्षा त्याचं टोक उलट्या बाजूने तिरकं कापतात. त्यामुळे वर डावीकडून खाली उजवीकडे उतरणारी रेघ देवनागरीत बारीक येते, आणि वर उजवीकडून खाली डावीकडे येणारी जाड. रोमनमध्ये नेमकं उलट. ब आणि ष यांच्या पोटातली रेघ डावीकडून उजवीकडे उतरते, म्हणजे बोरूच्या हातूनही ती बारीकच यायची. आमच्या पत्रिकेच्या टंकाने तिला बारीक केलं यात त्याचं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते पुढचं. बोरूच्या टोकालाही स्वतःची जाडी असते. कितीही हलक्या हाताने लिहिलं तरी रेघ त्या जाडीच्या खाली जात नाही. शिवाय मोठं अक्षर लिहायचं तर रुंद टोकाचा बोरू, लहान लिहायचं तर अरुंद टोकाचा. लिहिणाऱ्याच्या कलमदानात दोन-तीन बोरू असायचेच. लहान अक्षरासाठी मोठा बोरू आक्रसून वापरायची सोयच नव्हती. ती सोय संगणकाने दिली आणि त्याच सोयीतून 'हुवळी' जन्माला आली.

देवनागरीत बारीक रेघेवर अर्थाचा किती भार असतो, हे संग्रहातल्या पहिल्या काही पानांत मुद्दाम मांडलं आहे. ब आणि व, ष आणि प या जोड्या झाल्याच. ख ची कहाणी सगळ्यांना ठाऊक असते. जुन्या वळणात र आणि व जवळ लिहिले की ख होई, आणि 'खाना' म्हणजे 'रवाना' अशी गंमत होई. म्हणून खाली दोन्ही भाग जोडणारं वळण रूढ झालं. ती जोडरेघ बारीक होऊन तुटली की ख पुन्हा 'रव' होतो. घ आणि ध, म आणि भ यांच्या फरकात मोठा वाटा शिरोरेघेतल्या मोकळ्या जागेचा. शिरोरेघच केसाएवढी केली आणि ती ठिकठिकाणी उडाली, तर मोकळी जागा कुठली आणि उडालेली कुठली हे वाचणाऱ्याला कसं कळणार? 'धन' आणि 'घन' यांत मग अंदाजच करावा लागतो. रोमन लिपीतही अशी एक-दोन अक्षरं आहेत, पण तिथल्या बहुतेक बारीक रेघा जोडणीच्या किंवा सजावटीच्या. आपल्या लिपीत त्यांच्यावर अक्षराची ओळख उभी असते.

शिरोरेघेचा प्रश्न सगळ्यांत अवघड. बोदोनीचा न्याय लावला तर उभे दंड जाड आणि आडवी शिरोरेघ सुईसारखी बारीक हवी. तसं केलेलं अक्षर मी संग्रहात दिलं आहे. एकेक अक्षर सुंदर दिसतं, पण शब्द विस्कटतो. उभे दंड कुंपणाच्या खांबांसारखे मोजता येतात आणि त्यांना बांधणारी तार दिसत नाही. बोरूच्या हातात शिरोरेघ आणि दंड यांची जाडी एकमेकांच्या जवळ राहते. शब्द वरून लटकलेला असतो, तोललेला असतो. ज्यांनी देवनागरीत टोकाचं जाड-बारीक यशस्वी केलं, त्यांनी बहुधा शिरोरेघेला फार हात लावला नाही. बारीकपणा त्यांनी वळणांच्या शेवटांत, गाठींत, जोडांत आणि पोटातल्या तिरक्या रेघांत खेळवला.

मुंबईच्या ओतशाळांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग काढलं आणि पुढे स्वतः खिळेही पाडले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी टंकाला लहान, सुबक रूप दिलं. त्याच छापखान्यात खिळे घासायच्या कामावर लागलेला एक गरीब मुलगा म्हणजे जावजी दादाजी (१८३९–१८९२). त्यांनी १८६४ साली स्वतःची ओतशाळा आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. ठसे कोरणारे राणोजी रावजी आरू यांच्या हाताने निर्णयसागरचं अक्षर घडलं. पंचांगापासून काव्यमालेतल्या संस्कृत ग्रंथांपर्यंत ते अक्षर घरोघर पोचलं, आणि पिढ्यान्‌पिढ्या मराठी माणसाला 'छापील देवनागरी' म्हणजे तेच वाटत आलं. त्यात जाड-बारीक भरपूर आहे. पण भिंगाखाली पाहिलं की बारीक रेघेला बोरूसारखीच एक किमान जाडी ठेवलेली दिसते.

त्यामागे धंद्याची व्यवहारी कारणंही होती. शिशाच्या खिळ्यावर बारीक रेघ पहिल्यांदा झिजते. रफार, वेलांटी, मात्रा ही अक्षराच्या अंगाबाहेर झुकणारी अंगं आधाराशिवाय लोंबती राहतात. जुळाऱ्याच्या हातून एकदा पडली की गेली. मुंबईत खिळे जुळवायच्या एकाहून अधिक पद्धती चालत. कुठल्याही पद्धतीत मात्रेचा आणि अक्षराचा जोड हीच दुखरी जागा. म्हणून धातूच्या काळातली देवनागरी थोडी जाडसर, थोडी सावध राहिली. या सगळ्या खटपटीचा तपशील ज्यांना हवा, त्यांनी १९७१ साली महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने तीन खंडांत प्रसिद्ध केलेला बापूराव नाईकांचा देवनागरी मुद्राक्षरांवरचा ग्रंथ पाहावा. मी त्यात आठवडेच्या आठवडे हरवलो होतो.

धातूला जे परवडलं नाही, ते ब्रशाने केलं. मुखपृष्ठावरचं अक्षर चित्रकार हाताने काढी आणि ब्लॉक करून छापी. त्यात खिळा मोडायची भीती नव्हती. गोव्यातून आलेल्या दीनानाथ दलालांनी (१९१६–१९७१) 'दीपावली' या नियतकालिकाच्या आणि असंख्य पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर चित्राइतकंच लक्ष अक्षरावर दिलं. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांची नावं अशी काढली की वर्तमानपत्रातल्या जाहिरातीतल्या चौकोनातच नाटकाची जात कळावी. कधी दंड खड्गासारखे, कधी वेलांटी पदरासारखी ढळलेली. हुबळी-धारवाडच्या मराठी घरांत नाटकाचं वेड जुनंच. हुबळीजवळच्या कुंदगोळचे सवाई गंधर्व गायक म्हणून जितके थोर, तितकेच मराठी संगीत रंगभूमीवरचे नट म्हणूनही परिचित होते. पुस्तकांचंही तसंच. जी. ए. कुलकर्णी धारवाडात राहून लिहीत आणि त्यांची पुस्तकं मुंबईहून छापून येत. आपल्याकडच्या माणसाचं लिखाण परगावच्या अक्षरात बांधून यायचं. त्यामुळे मथळ्याचं अक्षर या भागात पाहुण्यासारखं आलं, पण सवयीने घरचं झालं.

घरची दुसरी लिपी कन्नड. हिच्याकडे न पाहता देवनागरीबद्दल बोललो तर केशवापुरात राहून काही उपयोग नाही. कन्नड अक्षर ताडपत्रावर लोखंडी टोकाने कोरत घडलं. लांब आडवी रेघ ओढली तर पान शिरेच्या बाजूने चिरतं, म्हणून अक्षरं गोल झाली असं सांगितलं जातं. लोखंडी टोकाची रेघ सगळीकडे सारखी. छापील कन्नडमध्ये जाड-बारीक नंतर आलं. देवनागरीत शिरोरेघ सगळ्या शब्दाला एकत्र बांधते, तर कन्नडात प्रत्येक अक्षराचं तलेकट्टू, म्हणजे माथ्यावरची खूण, वेगळं, प्रत्येकाच्या डोक्यावर स्वतःचं. आमच्याकडच्या बऱ्याच पत्रिका दोन्ही लिप्यांत छापतात. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. बोरूतून जन्मलेलं आणि लोखंडी टोकातून जन्मलेलं अशी दोन अक्षरं एकाच कागदावर शेजारी बसवायची असतात. मराठी बाजूला बोदोनीछाप झगमगाट आणि कन्नड बाजूला साधी रेघ असेल तर एक घर श्रीमंत आणि दुसरं गरीब दिसतं. संग्रहाच्या तिसऱ्या भागात अशा जोडपानांचे नमुने आहेत. त्यांतले चांगले ते, जिथे दोन्ही लिप्यांची जाड रेघ सारखी ठेवली आहे आणि बारीक रेघ आपापल्या स्वभावाप्रमाणे सोडली आहे.

दोन्ही लिप्यांत एक अक्षर मात्र सख्खं आहे, ते म्हणजे ळ. हिंदीच्या नेहमीच्या वर्णमालेत ते नाही. मराठीत आणि कन्नडात त्याच्याशिवाय पान हलत नाही. म्हणून संग्रहातल्या प्रत्येक टंकाची चाचणी मी एकाच शब्दावर घेतली आहे : हुबळी. ह ची खाली उतरणारी शेपटी, तिला लागलेला उकार, ब च्या पोटातली रेघ, ळ ची दोन्ही बाजूंची पोटं, आणि शेवटी दंडावरून कमान टाकून खाली येणारी दीर्घ वेलांटी. एका शब्दात देवनागरीची सगळी दुखणी. जो टंक 'हुबळी' मोठ्या आकारात दिमाखाने आणि मध्यम आकारात न अडखळता लिहू शकतो, तो बहुतेक शब्द निभावतो. ळ ची दोन पोटं सारख्या जाडीची केली की अक्षर चष्म्यासारखं दिसतं. एकाची वरची बाजू आणि दुसऱ्याची खालची बाजू भरली की ते फिरल्यासारखं, जिवंत वाटतं. बोरूने ते शिकवलेलं असतं. ज्याने बोरू हातात धरलेला नाही, त्याच्या ळ मध्ये ते लगेच उघडं पडतं.

मराठीच्या आणखी काही मागण्या आहेत. महाराष्ट्र शासनाच्या लिपीविषयक निर्णयांत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठी वळणं सांगितलेली आहेत. पण अनेक टंकांत हिंदी वळणाचा दंडाचा ल आणि शेंडीफोड्या श येतो. बारीक मजकुरात तो खपून जातो. मथळ्यात, एवढ्या मोठ्या आकारात, मराठी वाचकाला तो परका वाटतो. ल च्या दोन पाकळ्या जाड-बारीकाला फार छान संधी देतात. ती सोडणं म्हणजे आयतं फूल टाकून देणं. तसाच 'वाऱ्या', 'दऱ्या' यांतला पापणीसारखा र. ही मराठीची खास खूण. तो मुळातच एक छोटीशी वळणदार रेघ. टोकाच्या जाड-बारीकात तो पहिला गायब होतो आणि 'दऱ्या' मागे 'दया' सोडून जातात.

आता आजच्या टंकांबद्दल. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांच्यासारख्या कवी-सुलेखनकाराने संगणकाच्या पडद्यासाठी 'मंगल' घडवला. जुन्या ढोबळ पडद्यांवर सगळ्या रेघा टिकाव्यात ही त्याची गरज होती. पडदे जसे सूक्ष्म झाले, तसं टंककारांचं धाडस वाढलं. मुंबईच्या 'एक टाईप'ने 'मुक्ता'सारखे सम-रेघेचे, अनेक लिप्यांत चालणारे टंक दिले. अहमदाबादच्या इंडियन टाईप फाउंड्रीने २०१४ साली 'रोझा वन' हा फुकट वापरायचा टंक दिला. देवनागरी आणि रोमन दोन्हींत टोकाचं जाड-बारीक असलेला, मोठ्या आकारासाठीच घडवलेला. 'टिरो देवनागरी'ने मराठी, हिंदी आणि संस्कृत यांसाठी तीन वेगळी रूपं काढली, आणि मराठी रूपात आपली वळणं दिली. पोथीच्या आणि जुन्या छपाईच्या परंपरेला जवळचं असं ते अक्षर मला लेखाच्या मध्यम मथळ्यांना विशेष आवडतं.

यांपैकी कुठलाही टंक वाईट नाही. वाईट असतो तो आकाराचा विसर. ७२ पॉइंटच्या मथळ्यात एक पॉइंट जाडीची रेघ साधारण ०.३५ मिलिमीटर भरते. सुंदर दिसते, टिकते. तेच अक्षर ९ पॉइंटला आणलं की ती रेघ ०.०४४ मिलिमीटर उरते. इंचाला ३०० ठिपके देणाऱ्या यंत्राचा एक ठिपका ०.०८५ मिलिमीटरचा असतो. म्हणजे रेघ ठिपक्याच्या जवळपास निम्मी. यंत्र ती काढील किंवा गाळील, त्याची मर्जी.

केशवापुराला लागून बेंगेरी आहे. तिथल्या खादी संघात राष्ट्रध्वज शिवले जातात. ध्वजाचे नऊ प्रमाणित आकार आहेत, १५० बाय १०० मिलिमीटरपासून ६३०० बाय ४२०० मिलिमीटरपर्यंत, आणि प्रत्येक आकारात लांबी-रुंदीचं प्रमाण तीनास दोन. एक अंश इकडेतिकडे चालत नाही. आकार बदलला तरी प्रमाण तेच ठेवणं हीच ध्वजाची शिस्त. अक्षराची शिस्त याच्या बरोबर उलटी : आकार बदलला की प्रमाण बदलायलाच हवं. लहान आकारात बारीक रेघ थोडी जाड, पोटं थोडी मोकळी, मात्रा थोड्या उंच. बोदोनीने ते पोलादात केलं, पोथी लिहिणाऱ्याने दुसरा बोरू उचलून केलं. आज चांगले टंककार मथळ्यासाठी एक आणि मजकुरासाठी दुसरा अवतार देतात. वापरणाऱ्याने तेवढं निवडायचे कष्ट घ्यावेत.

संग्रहाचे चार भाग केले आहेत. पहिल्यात हातलिखित आणि शिळाछाप, दुसऱ्यात खिळ्यांची छपाई आणि चित्रकारांची अक्षरं, तिसऱ्यात मराठी-कन्नड जोडपानं, चौथ्यात आजचे टंक. प्रत्येक नमुना दोनदा दिला आहे, एकदा मथळ्याच्या आकारात आणि एकदा मजकुराच्या. दुसरा नमुना काही ठिकाणी जाणूनबुजून फसलेला आहे, तोही वाचावा. अक्षरांची गुणवत्ता गुणांकनाने ठरवण्याचा मोह मी टाळला. 'हुबळी' हा शब्द जिथे तुटतो, तिथे लाल ठिपका आहे, बस्स. शिळाछापाची पंचांगं मला ज्यांनी विश्वासाने हाताळू दिली, त्या धारवाडच्या वृद्ध दांपत्याचा, आणि खिळे कसे धरायचे हे बोटं पकडून शिकवणाऱ्या निवृत्त जुळाऱ्यांचा मी ऋणी आहे. त्यांना नावं छापलेली आवडणार नाहीत म्हणून ती दिली नाहीत.

ज्यांना मथळ्यासाठी अक्षर हवं आहे, त्यांनी चौथ्या भागापासून सुरुवात केली तरी हरकत नाही. मात्र पहिलं पान चुकवू नये. तिथे त्या लग्नाची एक पत्रिका जशीच्या तशी चिकटवली आहे. आधी नावं पाहा; ती आजही सुंदर आहेत, आणि त्या आकारात त्या टंकाचं काही चुकलेलं नाही. मग खाली पत्ता पाहा. तिथल्या ब मधली रेघ पेनाने काढलेली आहे. चारशेपैकी ही शेवटचीच असावी, कारण हात दमलेला दिसतो आणि रेघ जरा जाडच झाली आहे. पण गाव हुबळीच वाचलं जातं.

केशवापूर, हुबळी